एकच श्रोता

गेल्या महिन्यात सांगलीहून, आईला सांभाळणाऱ्या मावशींचा फोन आला. औषधे, दूधवाल्याचा हिशेब आणि गच्चीवरच्या टाकीची गळती एवढे बोलून झाल्यावर त्या एकदम हसत म्हणाल्या, "ताई, एक गंमत सांगू का? तुम्ही रात्री वाचून पाठवता ना, ते आजी ऐकतात आणि त्याला उत्तरं देतात. तुम्ही म्हणालात 'आई, चहा झाला का', की ह्या म्हणतात, 'झाला गं, आज साखर जास्त पडली.' समोर कोणी नाही, नुसता फोन!" आईच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाल्यापासून तिला छापील अक्षर दिसत नाही. म्हणून गेले वर्षभर, इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या माझ्या स्वयंपाकघरात भांडी आवरून झाली की, मी तिच्यासाठी वर्तमानपत्रातले एखादे पान किंवा जुन्या दिवाळी अंकातली एखादी कथा मोठ्याने वाचते, फोनवर ध्वनिमुद्रित करते आणि पाठवून देते. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. ती सकाळी चहाबरोबर ऐकते. मावशींच्या हसण्यात काही वाकडे नव्हते. मीही त्यांच्याबरोबर हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू मला टोचू लागले, कारण अगदी असेच मी पूर्वी एकदा हसले होते, दुसऱ्या एका स्वयंपाकघरात, दुसऱ्या एका म्हातारीला.

तो दिवस नेमका सांगता येतो: शुक्रवार, १८ डिसेंबर २००९. आमच्या शेजारी एक इंग्रज विधवा बाई राहत असत. या देशात शेजाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारतात, पण वयाने आईहून मोठ्या बाईला तशी हाक मारणे माझ्या जिभेला कधी जमले नाही, आणि माझ्या मुलीने त्यांना 'शेजारच्या आजी' करून टाकल्यावर तो प्रश्नच मिटला. त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मी सकाळी मुलीला शाळेत सोडून परतताना त्यांच्याकडे डोकावत असे. त्या स्वयंपाकघराचा वास मला अजून आठवतो: किंचित करपलेला पाव, संत्र्याचा मुरांबा, विणलेली टोपी घातलेल्या किटलीतला कडक चहा, आणि खिडकीत वाळत टाकलेल्या लोकरी मोज्यांचा दमट वास. खिडकीच्या कट्ट्यावर चामड्याच्या आवरणाचा रॉबर्ट्स रेडिओ होता. त्याच्या तबकडीवर जिथे बीबीसीचे रेडिओ टू हे केंद्र लागते, तिथे त्यांनी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवला होता. तो काटा त्या ठिपक्यावरून कधी हललेला मी पाहिला नाही.

त्या दिवशी मी त्यांची औषधे घेऊन मागच्या दाराने आत गेले, तेव्हा साडेनऊ व्हायला आले होते. आजी रेडिओसमोर बसल्या होत्या आणि त्यांचा एक तळहात रेडिओच्या पाठीवर होता, आजारी मुलाच्या अंगावर ठेवावा तसा. मला पाहून त्यांनी दुसरा हात वर करून थांबवले. रेडिओवर निवेदक टेरी वोगन बोलत होते. सकाळच्या कार्यक्रमातला तो त्यांचा शेवटचा दिवस होता. निरोपाचे बोलणे संपता संपता ते म्हणाले, "थँक यू फॉर बीइंग माय फ्रेंड." आणि आजी त्या लाकडी पेटीला हलक्या आवाजात म्हणाल्या, "थँक यू, टेरी."

मी हसले. प्रेमानेच हसले, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले आहे. "त्यांना ऐकू येत नाही हो," असेही काहीतरी म्हणाले. आजींनी माझ्याकडे पाहिले, रेडिओ बंद केला आणि म्हणाल्या, "आय नो, डिअर."

त्यानंतर त्यांनी मला नेहमीसारखा चहा दिला.

टेरी वोगन या माणसाने माझ्या शेजारणीच्या आयुष्यातल्या किती सकाळी व्यापल्या होत्या, याचा हिशेब मी त्या वेळी केला नव्हता. १९७२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी रेडिओ टूवरचा न्याहारीच्या वेळचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८४ च्या अखेरीपर्यंत चालवला. मधली काही वर्षे दूरचित्रवाणीकडे गेली. १९९३ च्या जानेवारीत ते परतले आणि 'वेक अप टू वोगन' नावाने पुढची जवळजवळ सतरा वर्षे बोलत राहिले. म्हणजे आजी परिचारिका म्हणून पहाटेच्या पाळीवरून घरी येत, तेव्हा तो आवाज होता; मुले शाळेत जात तेव्हा होता; मधल्या खंडानंतर, नवरा आजारी पडला तेव्हा तो परत आलेला होता, आणि नवरा गेल्यावर टेबलावर एकच कप राहिला तेव्हाही होता. शेवटच्या काळात आठवड्याला सुमारे ऐंशी लाख लोक तो कार्यक्रम ऐकत. तरीही, तुमचे श्रोते किती, असे कोणी विचारले की वोगन उत्तर देत, "एकच."

हे उत्तर नुसती चतुराई म्हणून सोडून देता येत नाही, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आपल्याकडचा रेडिओ मी ज्या कानांनी ऐकला, त्यात ऐकणारा कधी एकटा नव्हताच. सांगलीच्या घरात सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागत, सुधा नरवणे यांचा स्वच्छ, सावकाश आवाज येई, आणि वडील दाढीचा ब्रश हातात धरून सगळ्यांना गप्प करीत. निवेदक 'श्रोतेहो' म्हणत. अमीन सायानी 'बहनो और भाइयो' म्हणत. त्या हाकेत अख्खी आळी, अख्खा जिल्हा, अख्खा देश मावत असे, आणि आपण त्या मोठ्या पंगतीत एका पाटावर बसलो आहोत, ही भावना फार सुखाची होती. मला तिच्यात आजही काही उणे वाटत नाही. पण ती पंगत होती. वोगन यांचे बोलणे म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर समोरासमोर बसून प्यायलेला चहा होता. निरोपाच्या त्या वाक्यातही त्यांनी 'मित्रांनो' म्हटले नाही, 'मित्र' म्हटले, एकवचनी. इंग्रजीतल्या 'यू'मध्ये एक आणि अनेक, तू आणि तुम्ही, सगळेच लपते. मराठीत मात्र ते वाक्य उच्चारायचे तर आधी ठरवावे लागेल की समोर किती जण आहेत आणि त्यांच्याशी आपले नाते कोणते. मी ते वाक्य मनात मराठीत करून पाहते, तेव्हा दर वेळी 'तू'पाशीच येऊन थांबते.

वोगन मूळचे इंग्रज नव्हते, ही गोष्ट माझ्यासाठी महत्त्वाची आहे. ते १९३८ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात जन्मले. वडील किराणा मालाच्या दुकानाचे व्यवस्थापक होते. डब्लिनमध्ये ते बँकेत कारकुनी करत होते, आणि निवेदक हवेत अशी जाहिरात वर्तमानपत्रात वाचून त्यांनी अर्ज केला. आयरिश रेडिओवर बातम्या वाचता वाचता त्यांनी बीबीसीकडे आपल्या आवाजाची एक फीत पाठवली, पण ती उलटी गुंडाळून सुरुवातीला आणायची राहून गेली होती. लावली तर काहीच ऐकू आले नसते. बीबीसीतल्या एका अधिकाऱ्याने ती फीत परत फेकून दिली नाही. स्वतः मागे गुंडाळली आणि ऐकली. १९६६ मध्ये त्यांना बीबीसीवर पहिले काम मिळाले. एका अनोळखी माणसाने अर्धा मिनिट कष्ट घेतले, एवढ्यावर एखाद्याचे आयुष्य दुसऱ्या देशात रुजते, हे वाचताना मला माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीतली ती बाई आठवते, जिने माझ्या नावाचा उच्चार तीनदा विचारून घेतला होता आणि चौथ्या वेळी बरोबर केला होता.

परक्या उच्चारांचे ओझे काय असते, हे त्या बाईला माहीत होते की नाही, कोण जाणे. वोगन यांना ते पुरेपूर माहीत असणार. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये स्फोट झाले, एकवीस माणसे मेली, आणि संशय आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेवर होता. त्यानंतरच्या काळात इंग्लंडमधल्या साध्या आयरिश माणसांना तोंड उघडण्याची भीती वाटे. आजींनी मला त्यांच्या रुग्णालयातल्या एका आयरिश सहकारी मुलीची गोष्ट सांगितली होती: ती त्या दिवसांत बसमध्ये तिकीट मागतानाही बोलत नसे, मुठीत मोजून ठेवलेले पैसे नुसते पुढे करी. आणि त्याच काळात, त्याच देशात, लक्षावधी घरांत न्याहारीच्या वेळी एक आयरिश आवाज रोज येत होता. गाणी लावत होता, लोकांची पत्रे वाचत होता, त्यांच्या अंथरुणांची, मांजरांची आणि गुडघेदुखीची विचारपूस करत होता. त्या आवाजाने राजकारण बदलले, असे मी म्हणणार नाही. आजी एवढेच म्हणाल्या होत्या, "वॉर्डात कोणी आयरिश लोकांना नावे ठेवू लागले, की मी म्हणायचे, टेरीसुद्धा आयरिशच आहे. मग ते गप्प बसायचे." मला या आठवणीत धीरही वाटतो आणि खंतही. त्या मुठीत पैसे मोजणाऱ्या मुलीला सभ्य ठरण्यासाठी रेडिओवरच्या एका लाडक्या माणसाची जामिनकी लागावी! २००५ च्या जुलैमध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाल्यावर, माझा नवरा पाठीवरची पिशवी मांडीवर घेऊन, तिची चेन उघडी ठेवून पॅडिंग्टनच्या गाडीत बसायचा. आत डबा दिसावा म्हणून. त्या आठवड्यांत आमच्यासाठी कोणता आवाज जामीन राहिला असेल, याचा मी कधीकधी विचार करते.

दूरचित्रवाणीवरचे वोगन मला फारसे भावत नाहीत. १९७९ पासून त्यांनी 'ब्लँकेटी ब्लँक' नावाचा खेळ चालवला. त्यात त्यांच्या हातात छडीसारखा एक लांब, बारीक मायक्रोफोन असे आणि पाहुणा आलेला विनोदी कलाकार केनी एव्हरेट तो मुद्दाम वाकवून टाकी. पुढे १९८५ ते १९९२ या काळात आठवड्यातून तीन संध्याकाळी, बहुतेक काळ लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या नाट्यगृहातून, त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई. आठवड्यातून तीनदा नवी माणसे, नवी उत्सुकता, समोर प्रेक्षक आणि दिव्यांचा झोत: हा रतीब घालता घालता कोणीही थकेल. १९९२ मध्ये तो कार्यक्रम बंद करून त्या वेळेला 'एल्डोराडो' ही मालिका आणली गेली आणि ती वर्षभरातच गुंडाळावी लागली. युरोव्हिजनच्या गाण्यांच्या स्पर्धेवर वर्षानुवर्षे केलेले त्यांचे मिस्कील समालोचन लोकांना अतिशय आवडे, आणि गरजू मुलांसाठी निधी गोळा करणारा 'चिल्ड्रन इन नीड' हा रात्रभराचा कार्यक्रम त्यांनी १९८० पासून, अधूनमधून नव्हे तर निष्ठेने, २०१४ पर्यंत निभावला. या सगळ्यासाठी त्यांना २००५ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. पण या यादीपेक्षा मला त्या मुलाखतींमधली एकच मुलाखत पुन्हापुन्हा आठवते.

१९९१ मध्ये डेव्हिड आइक नावाचे गृहस्थ त्यांच्यासमोर येऊन बसले. पूर्वी फुटबॉल खेळलेले, मग क्रीडा निवेदक झालेले हे गृहस्थ तोवर स्वतःविषयी दैवी दावे करू लागले होते. ते अतिशय गंभीरपणे बोलत होते आणि प्रेक्षक खदखदत होते. हसण्याने नकारात्मकता दूर होते, अशा अर्थाचे आइक काही बोलू लागले, तेव्हा वोगन म्हणाले: ते तुमच्याबरोबर हसत नाहीत, ते तुम्हाला हसत आहेत. ते वाक्य खरे होते. त्या क्षणी तिथल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. पण खरे असणे आणि ते त्या माणसाला भर सभेत सांगणे यांत अंतर असते. २००६ मध्ये वोगन यांनी आइक यांची पुन्हा मुलाखत घेतली, तेव्हा आपले ते बोलणे जरा धारदार झाले होते, हे त्यांनी मान्य केले. मला आइक यांच्या मतांविषयी यत्किंचितही ओढ नाही. पंधरा वर्षांनी समोर बसून 'मी जरा लागेल असे बोललो' म्हणणाऱ्या माणसाविषयी मात्र आहे. माझ्या हातून तेवढेही झाले नाही.

कोणाला हसणे आणि कोणाबरोबर हसणे: मराठीत नुसता शब्दाच्या शेवटाचा फरक. रेडिओवरच्या वोगन यांना तो फरक पक्का कळत होता, असे मला वाटते. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात ते बहुतेक लोकांची पत्रेच वाचत. पत्रे लिहिणारे टोपणनावे घेत, शब्दांवर कोट्या करत, स्वतःला 'टॉग' म्हणवत. म्हणजे टेरीची म्हातारी मंडळी. म्हातारपणाची, विसराळूपणाची, कुरकुरणाऱ्या सांध्यांची थट्टा चाले, पण ती ज्याची त्याने लिहून पाठवलेली असे आणि वाचणारा त्यात स्वतःलाही धरी. लिहून आणलेले भाषण नसे. बोलता बोलता ते अडखळत, एखाद्या पत्रावर त्यांना हसू आवरत नसे, आणि मध्येच ते थांबत. ते थांबणे फार विलक्षण होते. दुसऱ्या कोणी घाईघाईने गाणे लावले असते, तिथे ते क्षणभर काहीच बोलत नसत. आजी नेमक्या त्या रिकाम्या जागेत बोलत. "नॉन्सेन्स, टेरी," म्हणत. "अगदी खरे," म्हणत. एकदा हवामानाविषयी त्यांचा खरोखरीचा वाद झाला होता, आणि पावाला लोणी लावता लावता आजींनी तो जिंकला होता.

आजींनीही पत्रे पाठवली होती, हे मला त्यांनी खूप उशिरा सांगितले. टोपणनाव सांगितले नाही. अनेक वर्षे लिहीत होत्या, आणि एका सकाळी त्यांचे पत्र वाचले गेले, पण नेमकी त्याच वेळी चुलीवरची किटली शिट्टी वाजवू लागली, आणि गॅस बंद करून येईपर्यंत फक्त शेवटचे दीड वाक्य कानावर पडले. "पण त्यांनी वाचले," त्या म्हणाल्या, आणि कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. वोगन आमच्यापासून फार लांब राहत नव्हते. मेडनहेडचा पूल ओलांडला की थेम्सच्या पलीकडे टॅपलो, तिथे त्यांचे घर होते. तुम्हाला कधी जाऊन भेटावेसे वाटले नाही का, असे मी विचारले. त्यांना प्रश्नच कळेना. "रोज तर येतात घरी," त्या म्हणाल्या.

टेरी वोगन ३१ जानेवारी २०१६ रोजी, रविवारी, कर्करोगाने गेले. तोवर आजी घर विकून वृद्धाश्रमात राहायला गेल्या होत्या. बातमी ऐकून मी दुपारी त्यांच्याकडे गेले. वाटेत मी वाक्य जुळवत होते: त्या दिवशी मी हसायला नको होते. खोली ऊबदार होती, कोपऱ्यात तोच रेडिओ होता, त्यावर तोच लाल ठिपका. रेडिओवर कोणीकोणी वोगन यांच्या आठवणी सांगत होते. आजींनी शेजारच्या खुर्चीवर थोपटून मला बसवले आणि आम्ही बराच वेळ न बोलता ऐकत राहिलो. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी मुलीच्या परीक्षेचे विचारले, मग तिच्या दातांच्या तारेचे, मग सांगलीच्या पावसाचे, आणि माझे वाक्य तसेच राहून गेले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वोगन यांच्यासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये प्रार्थनासभा झाली, बीबीसीवरच्या त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला पन्नास वर्षे होत होती. ती ऐकायला आजी नव्हत्या. त्या उन्हाळ्यातच गेल्या.

मावशींच्या त्या फोननंतर मी आईला काही विचारले नाही. उत्तरे देतेस का, असे विचारले असते तर तिने ती देणे बंद केले असते, एवढे मी तिला ओळखते. मावशींना मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले की आई बोलत असली तर बोलू द्या, आणि जमले तर तेवढा वेळ भांडी घासू नका. त्या म्हणाल्या, "बरं ताई," आणि क्षणभराने, "मी काही त्यांना हसत नव्हते हो." मला माहीत आहे, असे मी म्हणाले.

रात्री वाचायला बसते, तेव्हा मी फोन टेबलावर उभा करून ठेवते. आधी मी एका दमात वाचत असे. चार पाने, मग 'शुभरात्री', मग पाठवून द्यायचे. आता सुरुवातीला विचारते, "आई, चहा झाला का?" आणि थांबते. फ्रिजची घरघर तेवढी मुद्रित होत असते. घड्याळाकडे पाहत मी सहा सेकंद मोजते. साखर जास्त पडली असेल तर तेही सांगून व्हायला हवे, म्हणून आणखी चार. मग पान उलटते आणि वाचू लागते.